तारीखबाईंची खरेदी

फोन उचलल्यावर बाई "हॅलो" म्हणत नसत. "तारीख सांगा," असं म्हणत. पलीकडे माल पाठवणारा असो, ट्रान्सपोर्टवाला असो की चुकून लागलेला फोन असो, पहिलं वाक्य तेच. त्यामुळे कंपनीत सगळे त्यांना तोंडावर 'बाई' म्हणत आणि पाठ वळली की 'तारीखबाई'. बाईंना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं. टायपिस्ट म्हणून लागलेल्या बाई वर्षभरात खरेदीच्या टेबलावर आल्या आणि पुढची एकोणीस वर्षं त्यांनी एकच काम केलं: जो भाग ज्या दिवशी हवा, तो त्या दिवशी हजर करणं.

कंपनी लहान. दुमजली इमारत, खाली स्टोअर, वर जुळणीची लांब टेबलं आणि टोकाला काचेचा पडदा लावून केलेली खरेदीची खोली. तिथे लिफ्टचे बोर्ड बनत. लिफ्टने कुठल्या मजल्यावर थांबायचं, दार कधी उघडायचं, वजन जास्त झालं तर कधी हटून बसायचं, हे सगळं त्या बोर्डावर ठरे. एका बोर्डावर एकशे चाळीस सुटे भाग. त्यातले एकशे एकोणचाळीस चार ठिकाणी मिळणारे. उरलेली एक चिप. बोटाच्या नखाएवढी, काळी, चारी बाजूंना केसासारखे पाय. ती नसली तर बाकीचा बोर्ड म्हणजे, बाईंच्या शब्दांत, "वऱ्हाड सगळं जमलंय, नवऱ्याचाच पत्ता नाही."

ही चिप जगातल्या दोन-तीनच कारखान्यांत होई. एक चिप तयार व्हायला चार महिने लागत, आणि त्या कारखान्यात कोणासाठी किती माल काढायचा हे खूप आधी ठरलेलं असे. मोठमोठ्या कंपन्या आपली जागा थेट धरून ठेवत. बाईंच्या कंपनीसारख्या चिल्लर गिऱ्हाइकांनी वितरकाकडे मागणी नोंदवायची आणि रांगेत उभं राहायचं. वितरकाच्या वतीने दर मंगळवारी यायचे ते काका.

काका म्हणजे साठीकडे झुकलेले, उंच, बिनसाखरेचा चहा पिणारे गृहस्थ. माल विकणाऱ्या माणसाची जीभ गोड असते असं म्हणतात, पण काका गोड बोलत नसत. "हा भाग घेऊ नका, दोन वर्षांत बंद होणार आहे," असं स्वतःच्याच मालाबद्दल सांगायचे. बाई या कामात नवख्या होत्या तेव्हा चिपांची लांबलचक नावं कशी वाचायची, कोणतं अक्षर कशासाठी, हे त्यांनीच शिकवलं होतं.

आणि तिसरी व्यक्ती म्हणजे बाईंची धाकटी नणंद. लग्न तिने केलं नव्हतं. भाऊ-वहिनीच्याच घरात बाल्कनीलगतच्या छोट्या खोलीत राहायची. तिचा डोळा विलक्षण. तांदळातला खडा ती भांड्याच्या दुसऱ्या बाजूने दाखवायची. बाईंनीच साहेबांकडे शब्द टाकून तिला तपासणीच्या टेबलावर लावलं. आलेल्या मालातले नमुने भिंगाखाली बघायचे आणि चिठ्ठीवर सही करायची, हे तिचं काम. दोघी एकाच बसने जायच्या, एकाच डब्यातलं खायच्या. "वहिनी, तू आज पुन्हा चष्मा विसरलीस," असं ती सगळ्यांसमोर म्हणायची, आणि लोकांना वाटायचं या सख्ख्या बहिणीच.

मग ते वर्ष आलं, ज्या वर्षी जगाचाच कारभार ठप्प झाला. बांधकामं थांबली. ज्या इमारतीच उभ्या राहणार नाहीत त्यांना लिफ्ट कशाला? स्टोअरमध्ये मालाच्या थप्प्या लागल्या आणि साहेब सकाळ-संध्याकाळ त्या थप्प्यांसमोर उभे राहू लागले.

उपाय बाईंनीच सुचवला. साहेबांनी विचारलंही नव्हतं. पुढच्या वर्षभराच्या चिपांची मागणी रद्द करायची, आहे तो साठा वापरायचा आणि बाजार उठला की पुन्हा नोंदवायची. कागदावर आकडेमोड करून त्यांनी ते साहेबांपुढे ठेवलं. साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही होतात म्हणून."

मंगळवारी काका आले. तेव्हा खोलीत स्टोअरचे दोघे आणि हिशेबनीस बसलेले.

"ताई, कमी करा," काका म्हणाले. "निम्मी करा, पाव करा. पण पूर्ण काढू नका. हा भाजीबाजार नाही, आज नको तर उद्या घेऊ म्हणायला. एकदा रांगेतून बाहेर पडलात की पुन्हा शेपटाला उभं राहावं लागतं. आणि शेपूट कुठवर जाईल ते आज कोणी सांगू शकत नाही."

"काका, चिपा कमी पडल्यात असं कधी झालंय का?"

"झालंय. तुम्ही शाळेत असाल तेव्हा."

हिशेबनीस हसला. बाईंना ते हसणं झोंबलं. साहेबांनी केलेलं कौतुक अजून कानात होतं, आणि हे काका त्यांना चारचौघांत शाळेत बसवत होते. बाई म्हणाल्या, "सरळ सांगा ना काका, तुमचं कमिशन बुडतंय. त्यासाठी रांगेची गोष्ट कशाला?"

काकांनी समोरचा चहा संपवला, मागणी रद्द केल्याच्या कागदावर पोच दिली, कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली आणि "येतो ताई," म्हणून गेले. पुढच्या मंगळवारी ते आले नाहीत.

त्या महिन्यात त्यांचा तीनदा फोन आला. एकदा सकाळी, एकदा जेवणाच्या सुट्टीत, एकदा बाई बसमध्ये असताना. बाईंनी तीनही वेळा पडद्यावरचं नाव बघितलं आणि फोन वाजू दिला. नणंद शेजारी बसलेली. म्हणाली, "उचल की, वहिनी. काका आहेत."

"रडगाणं ऐकवायला केला असेल," बाई म्हणाल्या.

वर्ष उलटायच्या आत बाजार उठला, तोही असा की कोणाच्या स्वप्नात आला नसेल. घरी बसलेल्या माणसांनी काँप्युटर घेतले, टीव्ही घेतले, मुलांना खेळण्याची यंत्रं घेतली. मंदीत मागणी काढून घेतलेले गाड्या बनवणारेही परत आले. ज्या कारखान्यांत चिपा व्हायच्या तिथली जागा या मोठ्यांनी केव्हाच भरून टाकली होती. बांधकामंही सुरू झाली, लिफ्टवाल्यांचे फोन खणखणू लागले. बाईंनी वितरकाकडे मागणी नोंदवली. उत्तर आलं: बावन्न आठवडे, तेही नक्की नाही.

बाईंनी काकांना फोन लावला. नंबर बंद. कंपनीत केला तर एका तरुण आवाजाने सांगितलं की मंदीत माणसं कमी केली तेव्हा काका गेले. आता सगळं ईमेलवर चालतं.

साठा संपला. जुळणीच्या टेबलांवर एक जागा रिकामी असलेले तीनशे बोर्ड रांगेने मांडून ठेवलेले होते, आणि बायका समोर हातावर हात ठेवून बसल्या होत्या. साहेब दिवसातून तीनदा काचेचं दार उघडून विचारत, "बाई, तारीख?" एकोणीस वर्षं हा प्रश्न बाईंनी दुसऱ्यांना विचारला होता. आता उत्तर द्यायची पाळी त्यांची होती.

अडला हरी गाढवाचे पाय धरी. बाईंनी दलाल गाठला. तो कुठून बोलतो, त्याचं गोदाम कुठे आहे, काही ठाऊक नाही. आवाज मात्र मधासारखा. "मॅडम, कारखान्याच्या मूळ पाकिटातला माल आहे. आज सांगितलंत तर आज तुमचा. उद्या दुसऱ्याचा." भाव आठपट. साहेबांनी डोळे मिटून मान हलवली.

पाचव्या दिवशी माल आला. चिपांच्या पट्ट्या गुंडाळलेली रिळं; त्यांवरची पाकिटं नवी, लेबलं नवी. चाचणीच्या यंत्रावर लावलेल्या दहाच्या दहा चिपा चालल्या. बाईंनी सुटकेचा श्वास सोडला न सोडला तोच नणंद काचेच्या दारात उभी.

"वहिनी, जरा टेबलावर ये."

भिंगाखाली दोन चिपा शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. एक जुन्या साठ्यातली, एक आत्ताची. "हे बघ, कोपऱ्यातला गोल खळगा. जुन्याचा गुळगुळीत आहे आणि खोल आहे. ह्याचा भरून आलाय. कोणीतरी वरून घासून पुन्हा रंग दिल्यासारखा. आणि अक्षरं बघ, जरा जास्तच ठसठशीत आहेत." मग तिने पर्समधून नखांचा रंग काढायची बाटली काढली, कापसाचा बोळा भिजवला आणि नव्या चिपेवरून दोनदा फिरवला. बोळा काळा झाला. अक्षरं अर्धी पुसली गेली. खाली दुसरीच अक्षरं होती, फिकट.

बाईंनी तो बोळा बघितला. त्यांना कळलं नाही असं नाही. भंगारातल्या बोर्डांवरून चिपा उखडायच्या, घासायच्या, नवी नावं छापून विकायच्या, हे काकांनीच त्यांना कधीतरी सांगितलं होतं. पण मागे तीनशे बोर्ड होते, दोन मोठी गिऱ्हाइकं करार मोडायला निघाली होती, आणि दलाल फोन उचलेनासा झाला होता. माल परत पाठवायचा तर पहिला प्रश्न येणार: काकांनी बजावूनही मागणी पूर्ण रद्द का केली?

"चाचणीत पास झाल्यात ना?" बाई म्हणाल्या.

"आज झाल्यात. उन्हाळ्यात बंद खोलीत तापल्यावर काय करतील?"

"चालतात ना आज? मग सही कर. पुढचं मी बघते."

नणंदेने त्यांच्याकडे नीट बघितलं. "तू सांगतेस म्हणून करते," ती म्हणाली, आणि चिठ्ठीवर सही केली.

उन्हाळा आला. पहिली तक्रार एका दवाखान्याची, मग एका बँकेची. लिफ्ट मध्येच थांबते, दार उघडत नाही, बंद करून चालू केली की पुन्हा चालते. मग एका इमारतीत गुडघ्याचं ऑपरेशन झालेले एक निवृत्त शिक्षक तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मध्ये तीन तास अडकले. बाहेर काढले तेव्हा शुद्ध हरपलेली. जीव वाचला, पण वर्तमानपत्रात फोटो आला. सगळे बोर्ड परत मागवावे लागले. परत आलेल्या बोर्डांवरच्या चिपा प्रयोगशाळेत फोडून पाहिल्या तेव्हा निम्म्या वेगळ्याच निघाल्या, दहा-बारा वर्षांपूर्वीच्या.

साहेबांनी सगळ्यांना वरच्या खोलीत बोलावलं. टेबलावर त्या तपासणीची चिठ्ठी होती.

"चाचणी यंत्राला हे कळणार नाही, मान्य," साहेब म्हणाले. "पण डोळ्यांनी तपासणी कशासाठी ठेवलीय आपण? त्या दिवशी कोणालाच शंका आली नाही?"

नणंद बाईंच्या समोर बसलेली. तिने मान वर करून बाईंकडे बघितलं. बाईंनीही बघितलं. किती वेळ गेला, बाईंना आजही सांगता येत नाही. पंख्याचा आवाज तेवढा आठवतो. मनात एकच चाललं होतं, की आत्ता बोललं तर काकांचा इशारा धुडकावण्यापासून सगळंच बाहेर येईल. घराचं कर्ज आहे, मुलीच्या कॉलेजचं पहिलं वर्ष आहे. नणंदेचं काय, एकटा जीव, तिला दुसरीकडे मिळेल. ही सगळी कारणं बाईंना त्या वेळी खरी वाटली होती.

"माझ्या नजरेतून सुटलं," नणंद म्हणाली.

त्याच दिवशी तिचा हिशेब झाला. संध्याकाळी भावाने विचारलं तर म्हणाली, "कंपनीने माणसं कमी केली."

"आणि तुझ्या वहिनीला सांगून काही होईना?"

"त्यांचं काय चालतं तिथे?" नणंद ताटाकडे बघत म्हणाली.

त्यांचं. तिचं नव्हे, त्यांचं. बाईंच्या हातातला घास तोंडापर्यंत गेला नाही. नवऱ्याच्या लक्षातही आलं नाही. त्या दिवसापासून नणंद बाईंना 'तुम्ही' म्हणू लागली. भांडण नाही, अबोला नाही. "तुम्हाला चहा ठेवू का?" असं अदबीने विचारायची, आणि बाईंना वाटायचं, त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तीन महिन्यांनी ती धुलाईयंत्रांचे, मिक्सरचे बोर्ड दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात लागली, आणि दुकानाच्या वरची खोली भाड्याने घेऊन राहायला गेली. बाल्कनीलगतच्या खोलीत मुलीचं टेबल आलं.

बाई स्वतःची समजूत घालत राहिल्या. बाजारानेच केलं हे. जगभरच्या भल्याभल्यांचे कारखाने बंद पडले, तिथे आपण कोण? ही समजूत दीड वर्ष टिकली. मग एकदा डोळ्यांच्या दवाखान्यात, औषध घालून डोळे मिटून बसलेल्या माणसांच्या रांगेत, त्यांना काका दिसले.

बाईंनी ओळख दिली. काकांनी डोळे न उघडता आवाजावरून ओळखलं. "ताई! बसा, बसा. मला अर्धा तास दिसायचं नाही, त्यामुळे तुम्ही अजून तरुणच आहात."

इकडचं तिकडचं झालं. मग बाईंनी विषय काढला. "काका, तुमचं ऐकायला हवं होतं. आणि मी त्या दिवशी जे बोलले..."

"अहो, बोलण्याचं काय! माल विकायला निघालेल्या माणसाने तेवढं ऐकायचंच." काका म्हणाले. "मला वाईट वेगळ्याचं वाटलं. तुम्ही मागणी काढलीत ना, तेव्हा मी तुमचे तीन हजार नग लगेच सोडले नव्हते. दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या नावावर अडकवून ठेवले होते, महिनाभर. नियमात बसत नव्हतं, पण ठेवले. म्हटलं, ताईंचा राग उतरला की विचारू. तीनदा फोन केला. नाही उचललात. मग वरून विचारणा झाली, सोडावे लागले."

तीन हजार नग. म्हणजे पुरतं वर्षभर. दलाल नाही, घासलेल्या चिपा नाहीत, ती चिठ्ठी नाही.

"मला वाटलं, तुम्ही..." बाई म्हणाल्या.

"हो, तसंच वाटलं असेल तुम्हाला, हे कळलं होतं मला. म्हणून चौथ्यांदा नाही केला," काका म्हणाले. "तोही माझा ताठाच. करायला हवा होता."

नर्सने त्यांचा नंबर पुकारला. काका भिंतीला हात लावत आत गेले.

दुसऱ्या दिवशी बाई साहेबांच्या खोलीत गेल्या आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बोळा, पुसलेली अक्षरं, "सही कर" हे शब्द. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अंदाज होता मला," ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"अंदाज होता म्हटलं. तिच्या डोळ्यातून असलं सुटणार नाही, हे इथे कोणाला माहीत नाही? पण बाई, तेव्हा गिऱ्हाइकांना काहीतरी दाखवायला हवं होतं. तपासणीला दुसरं माणूस मिळालं असतं. खरेदीला तुमच्यासारखं मिळालं नसतं."

बाईंनी त्यांच्याकडे एकच गोष्ट मागितली. त्या मालाबद्दल तपासनिसाने वेळीच हरकत घेतली होती आणि दोष तिचा नव्हता, एवढं कंपनीच्या कागदावर लिहून. साहेबांनी खूप आढेवेढे घेतले, शेवटी चार ओळी टाइप करून सही केली. त्याच टेबलावर बाईंनी आपला राजीनामा ठेवला. साहेबांनी थांबवलं, पण फार नाही.

रविवारी त्या नणंदेच्या दुकानात गेल्या. ती स्टुलावर बसून एका बोर्डावरचा जळका भाग काढत होती. डोळ्याला तेच भिंग. बाईंनी कागद पुढे केला. तिने हातातलं सोल्डरिंगचं गरम पेन स्टँडवर ठेवलं, बोटं पुसली, कागद वाचला. पुन्हा वाचला.

"हे वरातीमागून घोडं आहे, कळतंय मला," बाई म्हणाल्या. "पण निदान..."

"वहिनी, त्या दिवशी मी तुमच्याकडे बघत होते," नणंद शांतपणे म्हणाली. "कागदासाठी नव्हते बघत."

तिने कागदाची घडी करून खणात ठेवली. टाकून दिली नाही. चहा मागवला, भाचीची चौकशी केली. मग एक गिऱ्हाईक मिक्सर घेऊन आलं आणि बाई उठल्या.

घरी येऊन त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. मग म्हणाला, "ती माझ्यासमोर खोटं बोलली. तुझ्यासाठी. आणि तू ते बोलू दिलंस." एवढंच. पुढे महिनाभर तो कामापुरतं बोलला. बहिणीकडे मात्र दर रविवारी जाऊ लागला, एकटाच.

आता बाई एका पंपाच्या कंपनीत अर्धा दिवस काम करतात. हाताखाली कोणी नाही, काचेची खोली नाही. मध्ये एकदा नवऱ्याच्या बोलण्यात आलं की बहिणीच्या दुकानात एका परदेशी यंत्राचा बोर्ड महिनाभर पडून आहे, एक चिप कुठे मिळत नाही. बाईंनी चिपेचं नाव विचारून घेतलं. आठ दिवस फोन केले, काकांच्या जुन्या ओळखी धुंडाळल्या, आणि एका बंद पडलेल्या कारखान्याच्या उरलेल्या साठ्यातून दोन नग मिळवले. कारखान्याचं मूळ पाकीट, न फोडलेलं. नाव न घालता कुरिअरने दुकानात पाठवले.

चार दिवसांनी फोन वाजला. पडद्यावर नणंदेचं नाव होतं. बाईंनी पहिल्या रिंगला उचलला.

"चिपा तुम्ही पाठवल्यात?"

"हो."

"मी घासून बघितल्या. खऱ्या आहेत."

"हो."

पलीकडे दुकानात कोणीतरी काहीतरी विचारत होतं. मग नणंद म्हणाली, "पुढच्या वेळी न सांगता पाठवू नका, वहिनी. किंमत सांगा, बिल पाठवा. मी असा माल घेत नाही."

"पाठवते," बाई म्हणाल्या. "उद्याच पाठवते."